बेबी कॉलर आणि खुळी पोरगी

मागच्या महिन्यात दुकानात एक पोरगी आली, पंचविशीची असेल, शिरोली एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत अकाउंट्स बघते, सोबत आई. पोरीनं मोबाइलवर फोटो दाखवला, पिवळा ड्रेस, त्यावर पांढरे ठिपके, फुग्याची बाही आणि गळ्याला बेबी कॉलर. काकी, सेम असाच पाहिजे, फक्त गुडघ्याच्या खाली येऊ दे, म्हणाली. मी टेप हातात घेते न घेते तोवर आई सुरू झाली, अगं खुळे, घोडीएवढी झालीस आणि शाळेतल्या पोरीगत कॉलर घालणार व्हय? पोरगी म्हणाली, क्यूट दिसतंय गं आई. क्यूट म्हणं! आणि मग माझ्याकडं वळून, ताई, आता तुम्हीच सांगा हिला.

मी काय सांगणार, मला शिलाई मिळणार होती. पण रात्री शटर ओढताना डोक्यात तेच घोळत होतं की पोरगी तीच, कॉलर तीच, आणि एकीला ते खुळ्यागत दिसतंय, दुसरीला क्यूट. आणि हे भांडण काय आमच्या राजारामपुरीच्या गल्लीपुरतं नाही, तिकडं अमेरिकेत ह्याच कॉलरवरनं चांगल्या शिकल्यासवरल्या बायका एकमेकींशी भांडल्यात.

आम्ही शिलाईवाले जिला बेबी कॉलर म्हणतो तिला तिकडं पीटर पॅन कॉलर म्हणतात. पीटर पॅन म्हणजे गोष्टीतला तो पोरगा, जो कधी मोठाच होत नाही. म्हणजे बघा, भांडण कॉलरच्या नावातच शिवून ठेवलंय.

झोई डेशनेल नावाची नटी आहे, मोठे डोळे, कपाळावर केसांची झालर, ठिपक्यांचे फ्रॉक, हातात यूकेलेली, म्हणजे छोटी गिटार. २०११ साली तिची न्यू गर्ल ही सिरीयल आली (माझ्याकडं दिवसभर मशीन चालते तसा मोबाइलही दिवसभर चालतो, त्यामुळं असलं बरंच बघून झालंय). त्यात ती जेस नावाची शाळेतली बाई असते, प्रियकरानं फसवलं म्हणून तीन पोरांच्या फ्लॅटमध्ये राहायला येते, मधेच गाणी म्हणते, धडपडते, रडते. चॅनलनं जाहिरातीसाठी तिला ‘अ‍ॅडॉर्केबल’ असा एक नवाच शब्द चिकटवला, म्हणजे गोड आणि वेंधळी एकदम. डेशनेल तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि तिकडच्या काही स्त्रीवादी बायकांना नेमकं तेच खटकलं. बाई एकतीसची, मग आठ वर्षांच्या पोरीसारखी का वागते, पुरुषाला भीती वाटू नये म्हणून बाईनं स्वतःला असं लहान करून घ्यायचं का, आणि आमच्या आया ह्यासाठी लढल्या का वगैरे.

सिरीयलवाल्यांनी २०१२ मध्ये एका एपिसोडमध्येच ह्याला उत्तर दिलं. एक वकील बाई येते, कडक, आणि तिला जेसचं हे सगळं वागणं म्हणजे नाटक वाटतं. तर जेस तिला सुनावते की मी शाळेत शिकवते, मला ठिपके आवडतात, म्हणून मी हुशार नाही किंवा खंबीर नाही असं होत नाही. पुढं २०१३ मध्ये डेशनेलनं स्वतः ग्लॅमर मासिकाला शिवी घालूनच सांगितलं की मी स्त्रीवादी असणार आणि ती गोल कॉलरपण घालणार, काय करायचं ते करा. मला हे वाचून लई बरं वाटलं, धंद्याच्या दृष्टीनंसुद्धा.

पण ह्याच्यावर सगळ्यात खोलात गेली ती थर्टी रॉक, टीना फेची सिरीयल. २०११ चाच एक एपिसोड आहे. लिझ लेमन नावाची लेखिका, स्वतःला पक्की स्त्रीवादी समजणारी, तिच्या टीममध्ये एक कॉमेडियन पोरगी येते, बाळासारखा आवाज, दोन वेण्या, कपडे तोकडे. लिझला वाटतं हिला ह्या नाटकातून बाहेर काढायला पाहिजे, हे आपलं कर्तव्यच. मग ती त्या पोरीचं जुनं, साधं रूप शोधून काढते आणि सगळ्यांसमोर आणते. आणि तेव्हा कळतं की पोरगी जीवावर उठलेल्या जुन्या जोडीदारापासून लपण्यासाठी ते सोंग घेऊन जगत होती. म्हणजे उद्धार करायला गेलेल्या बाईनंच तिचा ठावठिकाणा उघडा केला. मी हे बघितलं तेव्हा हातातलं तुरपाईचं काम तसंच राहिलं होतं. दुसऱ्या बाईचं वागणं ‘खोटं’ आहे हे आपण किती पटकन ठरवतो, आणि ते खोटं तिला कुठं उपयोगी पडतंय हे विचारतच नाही.

मला हे स्वतःवरनं माहितीय. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतो. आता इथं लिहिताना मी सभ्यपणे ‘मी म्हणते’ लिहितेय, पण तोंडानं ‘म्हणतो’च म्हणतो. आई तसंच बोलायची, आजीपण. वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यात एका बुटीकमध्ये दोन वर्षं काम केलं, तिथं पहिल्याच दिवशी ‘मी चहा घेऊन येतो’ म्हटलं तर सगळ्या पोरी खुदुखुदू हसल्या, एकीनं विचारलं, तू मुलगा आहेस का गं? महिन्याभरात शिकले मी. ‘मी येते नाऽऽ’, शेवटचं अक्षर थोडं लांबवायचं, मान जराशी तिरकी, आवाज अर्धा सूर वर. गिऱ्हाइकं खूश, मालकीणबाई खूश, सगळ्यात आधी पगारवाढ मला. सुट्टीला घरी आले तर भाऊ म्हणाला, काय गं, पुणेरी मैना झालीस काय. तो लाडिकपणा माझा स्वभाव नव्हता आणि ती फसवणूकपण नव्हती, ते कामातलं एक कसब होतं, काज-बटण करण्यासारखंच. संध्याकाळी रूमवर आलं की मी परत ‘येतो’.

त्यामुळं नटीला जाब विचारायचा हा जो प्रकार आहे, की तू अशी पोरकटपणे वागून समस्त बायकांचं नुकसान करतेस, तो मला पटत नाही. हिशोब मागायचाच तर तो दुसरीकडं मागायला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर ह्या खुळेपणाची गरज कुणाला आहे आणि परवानगी कुणाला आहे हे दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

गरजेचं बघू. नॅथन रॅबिन नावाच्या अमेरिकन समीक्षकानं २००७ मध्ये एका सिनेमावर लिहिताना ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ असं नाव काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हिरो तोंड पाडून बसलेला असतो आणि कुठूनतरी एक वेडी गोड पोरगी टपकते, त्याला हसवते, पावसात भिजवते, जगायला शिकवते आणि तिचं स्वतःचं काय, तिला नोकरी आहे का, तिच्या घरी कोण आहे, तिला काय पाहिजे, ते लेखकाला सुचतच नाही, कारण ती त्याच्यासाठी औषध असते. औषधाच्या बाटलीला कोण विचारतं तुला कसं वाटतं म्हणून. गंमत म्हणजे त्याच २००७ मध्ये आपल्याकडं जब वी मेट आला, त्यातली गीत आठवा, ट्रेन चुकवणारी, अखंड बडबडणारी, जीव द्यायच्या बेतात असलेल्या शेठला माणसात आणणारी. पण त्या सिनेमानं एक बरं केलं, दुसऱ्या भागात तीच गीत शिमल्याच्या शाळेत गप्प बसलेली दाखवली, म्हणजे औषधपण आजारी पडतं एवढं तरी कबूल केलं. (तिला परत बडबडी करायला हिरोच यावा लागतो, ते सोडून देऊ.)

रॅबिननं २०१४ मध्ये त्या शब्दाबद्दल जाहीर माफी मागितली. त्यानं तो शब्द आळशी लेखकांना मारायला काढला होता, लोकांनी तो वेगळ्या वागणाऱ्या कुठल्याही पोरीला मारायला घेतला. दोष कथा लिहिणाऱ्याचा आणि शिक्का मात्र पडद्यावर दिसते त्या बाईवर.

आपल्याकडं वेगळं काय झालं? होणार सून मी ह्या घरची लागायची तेव्हा ‘काहीही हं श्री’ ह्या एका वाक्यावर अख्ख्या महाराष्ट्रानं जान्हवीला किती पिडलं. पोरंटोरं, काका-मामा सगळे त्या लाडिक सुरात नक्कल करायचे, मग तिचं बाळंतपण लांबलं त्याच्यावर विनोद. अरे पण ते वाक्य तिला लिहून कुणी दिलं? बाळंतपण काय नटीनं लांबवलं होतं का, टीआरपी बघून दुसऱ्याच कुणीतरी लांबवलं असणार. पण त्या लोकांचं तोंड आपल्याला माहीत नसतं, म्हणून मग जे तोंड समोर दिसतं त्यालाच बोलायचं.

आणि पुरुषाचा पोरकटपणा? लक्ष्या बेर्डे जन्मभर डोळे फिरवत, ततपप करत, बाईचे कपडे घालून नाचला आणि आम्ही पोट धरून हसलो, आजही हसतो, पण लक्ष्यामुळं मराठी पुरुषाची प्रतिमा खालावते असा लेख कुणी लिहिलेला मी तरी वाचला नाही. लांब कशाला, आमच्याकडच्या वसगडे गावात तुझ्यात जीव रंगलाचं शूटिंग व्हायचं, २०१६ ला सुरू झाली ती सिरीयल. त्यात राणादा काय होता, सहा फुटी पैलवान आणि मन पाच वर्षांच्या पोराचं, पाठकबाई समोर आल्या की जीभ टाळूला. अख्खी शहाणपणाची जबाबदारी पाठकबाईंवर. त्या भोळेपणावर घराघरातल्या बायका जीव टाकत होत्या. भोळा पुरुष म्हणजे सोन्यासारखा माणूस, आणि भोळी बाई म्हणजे एकतर नाटकी, नाहीतर खुळी.

आता परवानगी. त्या फोटोतली पोरगी आठवा, पिवळ्या ड्रेसमधली. गोरी, बारीक, शहरातली. हाच ड्रेस, हीच कॉलर, हाच मान वाकडी करून हसायचा प्रकार आमच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या बाईनं केला तर? लोक क्यूट म्हणतील? येड लागलंय म्हणतील. कामावर जाणाऱ्या बाईनं रस्त्यात गाणं म्हटलं तर तिला कोण यूकेलेली आणून देणार. अमेरिकेतसुद्धा बघा, ही गोड वेंधळी म्हणून डोक्यावर घेतलेली नटी बहुतेक वेळा गोरीच असते, काळ्या नटीच्या वाट्याला हा वेंधळेपणा फार कमी येतो. खुळेपणा ही सुद्धा एक चैनच आहे, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. मला स्वतःला रंकाळ्यावर भेळ खाताना मोठ्यानं हसले म्हणून सासरच्या माणसांनी ऐकवलंय. खिदळी आहे म्हणाले. माहेरी ज्याला हसरी म्हणायचे तेच.

इथं माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं सांगायला पाहिजे, कारण ती माझ्याशी अजिबात सहमत नाही आणि तिचं म्हणणं हलकं नाही. ती शाळेत शिकवते. ती म्हणते, तू कॉलर-कॉलर काय करतेस, मुद्दा वयाचा आहे. बाई जितकी बाळासारखी तितकी हवीहवीशी, असं पडद्यावर रोज दाखवलं की पुरुषाला बाळासारखीच आवडायला लागते आणि आठवीतल्या पोरी ओठांचा चंबू करून रील काढतात ते ह्याच्यातनंच येतं. आपला जिल्हा कुठला आहे विसरू नको, २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं फक्त ८३९ मुली होत्या कोल्हापुरात. ज्या जिल्ह्याला पोरगी नको होती त्या जिल्ह्याला पोरीसारखी बाई मात्र आवडते, हे तुला विचित्र वाटत नाही?

वाटतं. खरंच वाटतं. तो आकडा मी विसरू शकत नाही, कारण तेव्हा मोजल्या गेलेल्या पोरीच आज माझ्या दुकानात येऊन बेबी कॉलर मागतात. आणि बाळाच्या आवाजात बोलणारी, कशातलंच काही कळत नाही असं दाखवणारी बाई साबणापासून इन्शुरन्सपर्यंत सगळ्या जाहिरातीत दिसते तेव्हा माझंही डोकं फिरतं. काय विकायला तो पोरकटपणा वापरलाय हे बघावं आणि विकणाऱ्याला नाव घेऊन झोडावं, माझी ना नाही. पण मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की उपाय म्हणून तू पोरींना काय देतेस? ती म्हणाली, ताराराणी.

बघा, हे आमचं कोल्हापूर. कावळा नाक्याला ताराराणीचा घोड्यावरचा पुतळा आहे, औरंगजेबाशी लढलेली बाई, अभिमान आहेच, कुणाला नाही. पण कोल्हापूरची पोरगी म्हटलं की एकदम रणरागिणीच, तिखट तांबड्या रश्श्यासारखी, बुलेट चालवणारी, कानाखाली देणारी. आठ मार्चला सत्काराच्या बॅनरवर तलवार असतेच. आणि समजा एखाद्या पोरीला तलवारपण नको आणि औषधाची बाटलीपण व्हायचं नाही, तिला नुसतं ठिपक्यांचा ड्रेस घालून मैत्रिणीबरोबर दाभोळकर कॉर्नरला आइस्क्रीम खात खिदळायचं असेल तर? त्या पोरीसाठी आपल्याकडं एकच शब्द शिल्लक आहे, खुळी.

आणि नट्यांना आपण बोलतो तर त्यांच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय तेपण बघू या. सुलोचनादीदी आमच्याच, इथं जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडल्या. जन्म १९२८ चा. जॉनी मेरा नाम १९७० मध्ये आला, त्यात त्या देव आनंदच्या आई झाल्या. देव आनंदचा जन्म १९२३ चा. म्हणजे पोरापेक्षा पाच वर्षांनी लहान आई, आणि पोरगा तिकडं हेमा मालिनीबरोबर गाणी म्हणतोय. नटीला दोनच खोल्या, एक अल्लड पोरीची आणि एक आईची, मधे बसायला सोपा म्हणून नाहीच. मग पहिल्या खोलीतून बाहेर पडायला ती कशाला घाई करेल? मी पण दाराला पाठ लावून बसले असते, दोन वेण्या घालून.

अजून एक गोष्ट मला कायम गंमतीची वाटते. हा जो बाईचा लाडिकपणा म्हणतो आपण, मुरकणं, लाजणं, पदर सावरणं, त्याचा सगळ्यात भारी नमुना महाराष्ट्राला बायकांनी दिलाच नव्हता, बालगंधर्वांनी दिला. त्यांची नऊवारी, त्यांची नथ, त्यांचं चालणं बघून चांगल्या घरच्या बायका नक्कल करायच्या. आमचे केशवराव भोसलेसुद्धा पोरवयात स्त्री-भूमिका करायचे. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रात १९१३ ला तारामती झाले साळुंके, पुरुषच. इथं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या सैरंध्रीत १९२० ला बायका उभ्या राहिल्या, तोवर बाईपणाचं माप आधीच घेऊन ठेवलेलं होतं, पुरुषाच्या अंगावर. मग कुठला लाडिकपणा अस्सल आणि कुठला बनावट हे कोण ठरवणार, आणि ठरवून करणार काय? मी चाळीस वर्षांच्या बाईला फ्रिल लावून दिलीय आणि सोळा वर्षांच्या पोरीला पांढरा कडक शर्ट शिवून दिलाय, दोघी आरशात बघून सारख्याच हसल्या.

बरं, त्या पिवळ्या ड्रेसचं काय झालं ते राहिलंच. मी तो शिवला, कॉलरला आतून पांढरं अस्तर, कडेला पायपिंग, बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवली कारण पोरी डाएट सोडतात हे मला ठाऊक आहे. न्यायला परत दोघी आल्या, आणि ह्यावेळी आईचा सूर बदललेला. रविवारी बघायला येणार आहेत, इस्लामपूरचं स्थळ, मुलगा इंजिनिअर, आणि फोनवर म्हणाला म्हणं की मला एकदम गंभीर मुलगी नको, जरा बबली, हसरी हवी. तर आईचं म्हणणं, हाच घाल की मग रविवारी, एवढा शिवलायस तर, गोड दिसतीस त्यात.

पोरीनं ड्रेस उलटा करून शिवण तपासली, कॉलरवरनं बोट फिरवलं. म्हणाली, रविवारी मी साडी नेसतो. ह्यो मी माझ्या ऑफिसला घालणार. आई म्हणाली, खुळी का काय तू. ती म्हणाली व्हय, आणि मला विचारलं, काकी, किती झाले, गूगल पे करू का?